हातांवर पाणी सोडा

कार्यालयात पंगत बसलीय, वाढपी मसालेभात घेऊन तुमच्यापर्यंत पोचलाय आणि तुम्ही म्हणता, "आलोच हं, हात धुऊन." संपलं. परत याल तेव्हा त्या खुर्चीवर मुलाकडचे कुणीतरी काका बसलेले असतील. जागा धरायला रुमाल टाकून जाता येतं म्हणा, पण मग धुतलेले हात पुसणार कशाला? तेव्हा जेवायच्या आधी हात धुऊच नयेत.

नंतर मात्र अवश्य धुवावेत. बेसिनपुढची झुंबड बघा, ती खळखळून भरलेली चूळ ऐका. आचवावं तर असं. हात खरकटा झालाय ना! आपली भाषा या बाबतीत फार काटेकोर आहे. जेवलेल्या हाताला तिच्यात नेमका शब्द आहे. स्वारगेटपर्यंत पीएमपीची दांडी धरून आलेल्या, मंडईत सुट्टे मोजून घेतलेल्या आणि मग मोबाइल चाळत बसलेल्या हाताला मात्र शब्दच नाही. शब्द नाही म्हणजे घाण नाही.

अगदीच कुणाची नजर असेल (एखाद्या सुनेचं माहेर डॉक्टरांचं निघतं), तर उजव्या हाताची तीन बोटं नळाखाली धरून झटकावीत. शेजारच्याच्या अंगावर चार थेंब उडाले की साक्षीदारही मिळतो. डाव्या हाताचा प्रश्न येत नाही, त्याने आपण जेवत नाही. तो फक्त पेला धरतो, पापड मोडतो आणि नाक पुसतो.

साबण तर टाळाच. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटाला, आणि या ओढाताणीत करोनासारख्या विषाणूचं चरबीचं आवरण फाटतं. अशी घरफोडी वस्तू दारात कशाला ठेवायची? हॉटेलवाल्यांनी हे केव्हाच ओळखलंय. त्यांच्या बाटलीत तळाशी राहिलेल्या साबणात रोज पाणी पडतं आणि निळसर रंगापुरता साबण उरतो. शिवाय डॉक्टर म्हणतात, किमान २० सेकंद चोळा, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. ज्या गावात सिग्नलचे शेवटचे पाच सेकंद कुणी थांबत नाही, तिथे नळाखाली २०?

आणि सॅनिटायझर आहेच की! २०२० सालची बाटली कपाटात असेल, ती काढा. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस तिला फारसा जुमानत नाही. त्याला चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोलचं फारसं चालत नाही; त्याला साबणपाण्यानं चोळून हातावरून वाहवूनच द्यावं लागतं. हट्टी आहे, पण आपल्यातलाच वाटतो.

हात धुवा म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं, तेही बघून ठेवा. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका प्रसूती विभागात बाळंतिणी तापाने मरत होत्या. एप्रिलमध्ये शंभरात अठरा. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतपणं करायला येत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने त्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये हेच प्रमाण शंभरात दोनवर आलं. लोकांनी पेढे वाटले असतील? छे! आमच्या हातांनी रोग पसरतो म्हणणारा हा कोण टिकोजीराव, असं मोठमोठ्या मंडळींना झोंबलं. (त्यांचं मूळ गाव शोधलं तर एखादी पेठ निघेल.) सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला, जखमेत जंतुसंसर्ग होऊन.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, तेव्हा आपण पाणी उकळून प्यायलो. शहाणपणाचंच झालं. हा जंतू कच्च्या कोंबडीबरोबरही घरात येतो, पण म्हणून कोंबडी कापलेल्या हाताने काकडी चिरायची नाही की काय? रविवारी वेळ असतो कुणाला?

असो. पंगत उठली, बोटं झटकली, पँटला पुसली. आता दाराशी बडीशेपेचं तबक आहे. त्यात चमचाही असतो. पार तळाशी गेलेला असतो, बोटं घालून शोधावा लागतो.