स्कॅनरला कुर्ली ओळखता येत नाही

आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभंगांच्या फायलींच्या मधोमध परवा एक निरोप आला. ‘पुढे पाठवा’ असं तीनदा बजावलेला. “मारहाण झाली तर घाबरू नका. थ्री-डी तंत्र आलं आहे. मोबाईलने जखम स्कॅन करा. हत्यार कोणतं, घाव कधी बसला, सगळं कॉम्प्युटर सांगतो. शवविच्छेदनाचीही गरज उरली नाही. हा पुरावा कोर्टात कोणी नाकारू शकत नाही.” खाली एकाने विचारलं, “वकीलबाब, हें खरें?”

मी फोंड्यात फौजदारी खटले चालवतो, डॉक्टर नव्हे. पण जखमांचे फोटो पुढ्यात ठेवून डॉक्टरांची उलटतपासणी करण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

निरोपातला खरा भाग आधी मान्य करतो. सपाट फोटो जखमेशी बेइमानी करतो. दंड, कपाळ, बरगड्या हे सगळे गोलाईचे भाग. कॅमेरा जरा तिरका झाला की पाच सेंटिमीटरची जखम चारची दिसते. म्हणून तर फोटोत जखमेच्या पातळीवर काटकोनी मोजपट्टी ठेवतात. तिच्यावर छापलेली वर्तुळं फोटोत लंबगोल दिसली, तर कॅमेरा कललेला होता हे नंतरही पकडता येतं. थ्री-डी मोजणी ही अडचण मुळातूनच सोडवते. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हे काम चाललं आहे. शरीराचा पृष्ठभाग आणि संशयित हत्यार दोन्ही मोजायचे, मग पडद्यावर एकमेकांशी जुळवून पाहायचे. जखम भरून गेल्यावरही तिचा आकार शाबूत राहतो.

आता “मोबाईलने स्कॅन करा” हे बघू. काही महागड्या फोनांत लेझरने अंतर मोजणारा सेन्सर असतो. घरातली खोली मोजायला तो ठीक; जखमेत प्रश्न मिलिमीटरचा असतो. दुसरी रीत म्हणजे जखमेभोवती फिरून एकमेकांवर चढणारे तीस-चाळीस फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरकडून आकार बांधून घ्यायचा. ही रीत चांगली आहे, पण मोजपट्टी चौकटीत नसेल तर आकार मिळतो, माप मिळत नाही. पडद्यावर तीच जखम नखाएवढीही असू शकते आणि तळहाताएवढीही. शिवाय जिवंत माणूस श्वास घेतो, हलतो. ओलं रक्त चमकतं आणि त्या चमकेने सॉफ्टवेअर गोंधळतं.

“हत्यार कोणतं ते कॉम्प्युटर सांगतो” हा दावा सर्वांत घातक. डोक्यावर दांडा बसला तर खाली कवटी असल्यामुळे कातडी सरळ रेषेत फुटते आणि ती जखम कोयत्याने कापल्यासारखी दिसते. फरक आत असतो. दांड्याच्या जखमेत दोन काठांना जोडणारे पेशींचे बारीक धागे शिल्लक असतात आणि केसांची मुळं चिरडलेली असतात. धारदार पात्याने हे सगळं साफ कापलेलं असतं. ते बघायला काठ बाजूला करून, भिंग लावून बघणारा डॉक्टर लागतो. वरवरच्या स्कॅनमध्ये दोन्ही जखमा जुळ्या बहिणी. आणि कोयता की दांडा, यावर आरोपीवरचं कलम बदलू शकतं.

भोसकल्याच्या जखमेत तर आणखी गंमत. (गंमत म्हणणं बरं नाही, पण कोर्टात तीच होते.) कातडी ताणलेली असते. तिच्या नैसर्गिक ताणाला आडवा वार झाला तर जखम रुंद उघडते, समांतर झाला तर फटीसारखी मिटून राहते. म्हणजे एकाच सुरीच्या दोन जखमा दोन सुऱ्यांच्या वाटतात. पोट मऊ, सुरीची मूठ जोरात टेकली की ते आत दबतं आणि पात्याच्या लांबीपेक्षा घाव खोल जातो. त्यामुळे खोलीवरून सुरीची लांबी काढणारा साक्षीदार समोर आला की बचावाच्या वकिलाला दिवाळी. जुळवणी खरंच जमते ती हाडावर उमटलेल्या खुणेत, किंवा बुटाचा तळवा, पट्ट्याचं बक्कल अशी छाप असेल तेव्हा. तिथेही उत्तर ‘याने झालेलं असू शकतं’ किंवा ‘नाही’ एवढंच मिळतं.

वेळेबद्दल थोडक्यात. मुका मार रंग बदलतो, पण प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या गतीने. पिवळेपणा दिसला तर मार किमान अठरा तासांपूर्वीचा, एवढं म्हणता येतं, त्यापलीकडे अंदाजच. कपाळावरचा मार दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली उतरतो, खोलवरचा मार उशिरा वर येतो. घटनेच्या रात्री केलेल्या स्कॅनमध्ये तो नसतोच.

शवविच्छेदन संपलं, असं म्हणणाऱ्याने एकदा नदीत सापडलेलं शव बघावं. मांडवीत दोन दिवस राहिलेल्या शवाचे ओठ, पापण्या, कान कुर्ल्या (खेकडे) आणि मासे कुरतडतात. स्कॅनर ते प्रत्येक कुरतडणं इमानेइतबारे मोजेल. पण ते जिवंतपणी झालं की मेल्यावर, हे ऊतक कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ठरत नाही. मृतदेहाचा सीटी स्कॅन हाडाचा तडा, गोळीचा तुकडा, नको त्या जागी शिरलेली हवा उत्तम दाखवतो. विष मात्र त्याला दिसत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून अशी आभासी शवचिकित्सा होते. डोक्याला मार लागून गेलेल्याची चिरफाड त्यामुळे टळू शकते, ही नातेवाइकांना मोठी सोय आहे. पण ती कधी पुरेशी, हे डॉक्टर ठरवणार.

“कोर्टात नाकारता येत नाही”? पहिल्या तारखेलाच नाकारता येतो! पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या नमुन्यात फाइलचा हॅश क्रमांकही (फाइल जराही बदलली की बदलणारी तिची ओळखखूण) द्यावा लागतो. असं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली 2020 मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात स्पष्ट केलं होतं. ग्रुपमधून फिरून आलेली, दाबून लहान झालेली फाइल या कसोटीवर टिकणं कठीण. आणि तज्ज्ञाचं मत शेवटी मतच. न्यायाधीश त्याला बांधलेले नसतात.

मार लागलाच तर आधी सरकारी इस्पितळात जा आणि डॉक्टरांकडून वैद्यकीय-कायदेशीर नोंद करून घ्या. फोटोत मोजपट्टी ठेवायला सांगा, आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवा.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर आमच्या पखवाजवाल्याने पुतण्याच्या जुन्या प्रकरणातला फोटो खासगीत पाठवला. पाठीवर वळ, आणि शेजारी मापासाठी म्हणून आडवं धरलेलं बॉलपेन. पेन वळापासून चार बोटं वर, तिरकं. त्या पेनाची लांबी नोंदीत कुठेच लिहिलेली नव्हती, आणि पेन तर केव्हाच हरवलं.