प्रतिक्रियेला उत्तर: ते ६० जीबी कुठे गेले

नमस्कार. लिनक्ससाठी डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘रूटला ६०, होमला ४०० असं तुम्ही सांगितलंत. पार्टेडमध्ये तेच आकडे भरले, तर होम ३४० जीबीचंच झालं. शिवाय १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते. जीबी-जीआयबीचा कीस काढण्यापेक्षा बरोबर आकडे द्या.’ (रूट म्हणजे सिस्टीमचा भाग, होम म्हणजे आपल्या फाइलींचा; पार्टेड आणि एफडिस्क हे असे भाग पाडणारे प्रोग्रॅम.)

राग रास्त आहे, कारण चूक माझी आहे. पण ती एककाची नाही, म्हणजे जीबी (१००० च्या पटीत) आणि जीआयबी (१०२४ च्या पटीत) यांच्या गोंधळाची नाही. नेमके ६० कमी पडले, म्हणजे रूटला दिले तेवढेच. जीबी-जीआयबीची गल्लत असती तर ४०० च्या जागी साधारण ३७२.५ दिसले असते.

पार्टेडची मेकपार्ट आज्ञा आकार विचारतच नाही. पार्टिशन कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार, एवढंच विचारते. होमसाठी तुम्ही ६०जीबी आणि ४००जीबी लिहिलंत, तिनं त्या दोन खुणांमधली जागा दिली. शेवट ४६०जीबी हवा होता. लेखातली सगळी उदाहरणं एफडिस्कची होती आणि ‘पार्टेडमध्येही असंच करा’ हे एक वाक्य मी न तपासता जोडलं. ते आता काढलं आहे.

एफडिस्कसुद्धा खरं तर शेवटचा सेक्टरच (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा क्रमांक दिलेला छोटा कप्पा) विचारतो. तिथे आपण +४००जी लिहितो, त्यातल्या अधिकच्या चिन्हामुळे तो आकडा आकार म्हणून घेतला जातो. चिन्ह विसरून नुसतं ४००००० लिहिलंत तर तो त्या क्रमांकाचा सेक्टर धरेल, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या कोऱ्या डिस्कवर जेमतेम १९४ एमआयबीचं (१०२४ च्या पटीतले एमबी) पार्टिशन होईल.

एककांचा कीस मात्र मी पुन्हा काढणार. एफडिस्कमधलं +६०जी म्हणजे ६० जीआयबी, पार्टेडमधलं ६०जीबी त्याहून सुमारे ४.४ अब्ज बाइटनं लहान. ९३१ चं कारणही हेच: टीबी म्हणजे १० चा १२ वा घात इतके बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि पुढे जीबी लिहितं. या पटींना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं १९९८ मध्येच ठरली आहेत. तुमच्या डिस्कमधून कुणी काही कापून घेतलेलं नाही.

आता दुरुस्ती. बॅकअप घ्या, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) संगणक सुरू करा. होमच्या पुढची जागा मोकळी असेल तर पार्टेडमध्ये रिसाइझपार्ट ही आज्ञा, होमचा क्रमांक आणि शेवट म्हणून ४६०जीबी द्या. यानं फक्त पार्टिशनची हद्द वाढते. आतली ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (पार्टिशनमध्ये फाइली मांडण्याची व्यवस्था) वाढवायला नंतर रिसाइझ२एफएस चालवावं लागतं, तेही आधी तपासणी करून. पुढे तिसरं पार्टिशन ४०० पासून सुरू केलं असेल तर हे जमणार नाही. तसं असेल तर काही करू नका. पार्टेडमध्ये प्रिंट दिल्यावर जे दिसतं ते इथे टाका, आणि त्या तिसऱ्यात डेटा आहे का तेही कळवा.