मेला तरी सव्वा लाखाचा? जुन्या डिझेल गाड्यांबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला तिघांनी पाठवला. एक इथल्या, इंदूरच्या राजेंद्रनगरचे शेजारी, दुसरा ऑफिसातला जुना सोबती आणि तिसरा माझा मावसभाऊ. मावसभावाने खाली स्वतःची ओळही जोडली होती : ‘दादा, वाच जरा. मी एक बघून ठेवलीय.’ म्हणून हे उत्तर.

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे : जुनी डिझेल गाडी म्हणजे हत्ती, मेला तरी सव्वा लाखाचा. डिझेल इंजिन पाच लाख किलोमीटर चालतं, पेट्रोल दीड लाखात बसतं. डिझेलला प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, म्हणून देखभाल शून्य. इंधनाचा खर्च निम्मा. पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित. त्यात आता इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी पेट्रोल इंजिनं वर्षभरात खलास होणार. तेव्हा मारुती ८००, झेन, अल्टोसारखे ‘पेट्रोलचे डबे’ काढा आणि सेकंडहँड बाजारात डिझेल स्वस्त मिळतंय तोवर घेऊन टाका.

माझ्याकडे वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे आणि २०१३ ची एक डिझेल हॅचबॅकही आहे. ती २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा मीटर ९८ हजारांवर होता. दोन्हींच्या बोनेटखाली मी भरपूर हात काळे केलेत.

आधी ते पाच लाख किलोमीटर. डिझेल इंजिन जात्याच दणकट असतं, हे खरंच आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा आठ-नऊपट दाबली जाते, डिझेलमध्ये सतरा ते बावीसपट. तो दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळंच जाडजूड, आणि इंजिन फिरतंही कमी वेगाने. पण पाच लाखांची कीर्ती कुणाची? क्वालिसची, इनोव्हाची, बोलेरोची. आपल्याकडून भोपाळ-उज्जैनच्या फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सी आठवा. सकाळी एकदा सुरू झालेलं इंजिन रात्रीपर्यंत गरम, पाचव्या गिअरमध्ये एका लयीत. ऑइल वेळेवर, कारण गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. असं वागवलं तर कुठलंही इंजिन टिकतं. ज्या डिझेल गाड्या दोन लाखांतच बसल्या त्या केव्हाच भंगारात गेल्या, त्यांचा फोटो कुणी मेसेजमध्ये टाकत नाही.

आणि पेट्रोल दीड लाखात बसतं म्हणणाऱ्याने इंदूरच्या शाळांच्या व्हॅन नीट पाहिलेल्या नाहीत. ओम्नीमध्ये ८०० चंच इंजिन आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आत पोरं आणि दप्तरं कोंबलेली, दर दोनशे पावलांवर थांबा, दिवसभर पहिला-दुसरा गिअर. इंजिनाचे याहून हाल काय करायचे? तरी त्या वर्षानुवर्षं धावल्या. आमच्या ८०० चं इंजिन एकदाच खोललं, १ लाख ६० हजारांवर, आणि तो दोष इंजिनाचा नव्हता. रेडिएटर गळतोय हे माहीत असताना मी ओंकारेश्वरला निघालो. परतताना भेरूघाटात काटा लालवर गेला, तरी ‘चढ संपला की थांबू’ म्हणत राहिलो. त्यात हेड गॅस्केट गेलं, रिंगाही बदलाव्या लागल्या.

आता देखभाल शून्य. या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा खोटेपणा हाच.

यात एक गोम आहे. ‘जुनं डिझेल’ या नावाखाली दोन वेगळ्या जाती येतात. पहिली नव्वदच्या दशकातली : डिझेल ॲम्बॅसडर, १५२७ सीसीच्या प्यूजो इंजिनाची झेन डी, १९९८ ला आलेली इंडिका. मेकॅनिकल पंप, साधी नोझलं, सुरू करताना हीटर प्लग. धूर, आवाज, थरथर सगळं होतं, पण ती इंजिनं रस्त्याकडेच्या मिस्त्रीला कळायची. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात ही जात आहे. मात्र हिलाही ‘शून्य’ लागू नाही. इंडिकाच्या त्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागाच उरत नाही, त्यामुळे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट बदलायचा खर्च काहीच नाही, न बदलल्याचा खर्च म्हणजे हेडचं पूर्ण काम.

दुसरी जात कॉमन रेलची, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) जबर दाबाचं डिझेल पुरवणारी, आणि आज बाजारात जुनी डिझेल म्हणून मिळते ती बहुतेक हीच. फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन घ्या. २००७ मध्ये ते डिझेल स्विफ्टमध्ये आलं, शिवाय पुंटोत होतं, इंडिका व्हिस्टातही होतं. गुणी इंजिन, बेल्टऐवजी चेन, पार्टही मुबलक. पण या जातीत इंजेक्टरपाशी डिझेलचा दाब १६०० बारपर्यंत जातो. आपल्या टायरात हवा भरतो ती दोन-सव्वादोन बार. एवढ्या दाबाला इंजेक्टरची छिद्रं अगदी बारीक लागतात आणि तिथे पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण चालत नाही. वर टर्बो, इंटरकूलरचे पाइप, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा आणि काजळीने तुंबणारा ईजीआर व्हॉल्व्ह. प्लग आणि कार्ब्युरेटर नाही हे कबूल. त्यांच्या जागी जे आलं, ते मेसेजवाल्याने मोजलंच नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात माझी हॅचबॅक सकाळी सुरू व्हायला नखरे करू लागली. मग सिग्नलवर थरथर, मग ऐन चढावर दम तुटायचा. पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवून चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप, म्हणजे न वापरलेलं डिझेल परत नेणारे, काढले, त्यांना सलाइनसारख्या पारदर्शक नळ्या लावल्या आणि नळ्यांची टोकं चार छोट्या बाटल्यांत सोडली. आम्ही दोघं बाटल्यांकडे बघत उभे. पहिली, दुसरी, चौथी : तळाला बोटभर डिझेल. तिसरी गळ्यापर्यंत भरत आली. ‘भिया, तीन नंबर सारा माल वापस फेंक रिया हे,’ तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं. मग त्याने डिझेल फिल्टर काढून पांढऱ्या ताटलीत उपडा केला. आधी डिझेल आलं, मागून चहाच्या रंगाचं पाणी, दोन चमचे तरी. ‘ये कब बदला था?’ मला आठवेना. म्हणजे बदललाच नव्हता.

एक इंजेक्टर बदलला, बाकी तीन उघडून साफ करून टेस्ट बेंचवर लावले, टाकी धुतली, फिल्टर घातला. ३४ हजार. चूक माझीच होती, पण मुद्दा असा की पेट्रोल गाडीत हीच चूक एवढ्याला पडत नाही. आमच्या ८०० च्या कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला की मी रविवारी जेट काढून फुंकर मारतो. चोक ओढायचा, सुरू करायची, खर्च सुताच्या एका फडक्याचा. तिचं बाकीचं म्हणजे प्लग, पॉइंट, फॅनबेल्ट, क्लच वायर. तिच्या क्लचप्लेटचं बिल आणि डिझेलच्या क्लचप्लेटचं बिल शेजारी ठेवून पाहा, मग बोलू.

दाबामुळे होणारी बाकी झीज वेगळीच. डिझेलला सेल्फ मोठा लागतो, बॅटरी मोठी लागते. इंजिन जड, म्हणून पुढचे लोअर आर्म, बुश, इंजिनाचे माउंटिंग लवकर जातात. माझ्याकडे माउंटिंग दोनदा बदलून झाले.

‘खर्च निम्मा’ हे वाक्य २०१२ मध्ये शोभलं असतं. तेव्हा दोन्ही इंधनांच्या भावात तीस रुपयांच्या घरात फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि ती मजा संपली. २०२५ मध्ये इंदूरला पेट्रोल १०६ आणि डिझेल ९२ च्या आसपास होतं, तेच धरा. मायलेजही दुप्पट नसतं. लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते, बाकी फायदा इंजिनाच्या कार्यक्षमतेचा. शहरात माझी डिझेल १८ देते, ८०० देते १५. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवली तर पेट्रोलचे ४२ हजार ४०० आणि डिझेलचे ३० हजार ७०० होतात. वाचले पावणेबारा हजार. माझ्या त्या एका तिसऱ्या नंबरने जवळपास तीन वर्षांची बचत गिळली.

हेच गणित पंचवीस हजार किलोमीटरला करा, बचत ४९ हजारांवर जाते. रोज देवासला किंवा पिथमपूरला जाऊन येणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावी, माझी ना नाही. मावसभावाचं रोजचं जाणं-येणं सुदामानगर ते राजवाडा, तेही गाडी उभी करायला जागा मिळेल या आशेवर. एवढ्यात डिझेल नीट गरमसुद्धा होत नाही, काजळी मात्र साठत जाते.

पत्र्याचं चटकन उरकतो. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि डिझेल गाडी यांचा सांगाडा तोच असतो, पत्रा तोच असतो. डिझेलला जाड पत्रा लावत नाहीत. ॲम्बॅसडरचा जाड होता, हो. पण धडकेत न चेपणारा पत्रा सगळा धक्का आत बसलेल्याला पोचवतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेल्या पाच लोकप्रिय भारतीय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, पाचही शून्य तारे घेऊन आल्या. तिथे इंधन कुणी विचारलं नव्हतं. सुरक्षितता हवी तर एअरबॅग आणि एबीएस असलेली अलीकडची गाडी घ्या. आमची ८०० घेऊन मी बायपासवर जात नाही, ते याच कारणाने. गंजायचं म्हणाल तर आपण माळव्यातले नशीबवान, समुद्राची खारी हवा नाही. मुंबईत वाढलेली गाडी मात्र कार्पेट उचलून, खालून बघून घ्यावी, मग ती कुठल्याही इंधनाची असो.

इथेनॉलच्या मुद्द्यात निम्मं सत्य आहे, आणि त्याचा त्रास माझ्याच ८०० ला होतो. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केटला सोसत नाही, इथेनॉल पाणीही ओढतं. मायलेज घटतं, नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरलेली आहे. मी नळ्या बदलल्या, गॅस्केट किट घातलं, गाडी महिना-महिना भरल्या टाकीने उभी ठेवणं बंद केलं. कटकट आहे, चिडचिडही होते. पण इंजिन वर्षभरात खलास? माझं तरी चालू आहे.

उरलं ‘स्वस्त मिळतायत’. का मिळतायत, ते विचारा ना. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पेट्रोलला मुदत पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन बाहेरच्या राज्यांत येतात, मध्य प्रदेशातही. त्यातल्या काही छान असतात. पण किंमत सांगताना दलाल इथला टॅक्स आणि नव्या नंबराचा खर्च धरत नाही, आणि दहा वर्षांच्या डिझेलचा मीटर ६२ हजारांवर दिसला तर मी आधी स्टिअरिंगची आणि पेडलच्या रबराची झीज बघतो. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण दोन्हींना लागतं. एप्रिल २०२२ पासून ते शुल्क ६०० वरून ५ हजार झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १० हजार. धुराच्या चाचणीत थकलेल्या इंजेक्टरचं डिझेल काळा ढग सोडतं, तेव्हा पुन्हा पंप-नोझलवाला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मावसभावाने बघून ठेवलेली गाडी डीएल, म्हणजे दिल्लीच्या नंबरची डिझेलच निघाली. रविवारी सकाळी सातला आम्ही ती बघायला जाणार आहोत. गाडीवाल्याला फोन करू नकोस, असं मी त्याला बजावलंय. इंजिन गार असताना ती कशी सुरू होते ते मला ऐकायचंय, आणि किल्ली फिरवण्याआधी बोनेटवर हात ठेवून बघायचाय.