भिंतीवरचं ‘ते’

हा शोध मी लावला नाही, तो माझ्या कोपराला लागला.

जानेवारीतली सकाळ होती. नागपुरात थंडी पंधरा दिवसांची पाहुणी, म्हणून ती असेपर्यंत आम्ही तिची सरबराई करून घेतो. स्वेटर, मफलर, कानटोपी, सगळं ट्रंकेतून बाहेर. तसा नटून, चहाचा कप घेऊन मी मागच्या अंगणात गेलो, रोजच्यासारखं कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवलं आणि शेजारच्या काकाजींना विचारलं, "काय म्हणते थंडी?" काकाजी काही म्हणायच्या आत स्वेटरला काहीतरी ओलसर, गार लागलं.

बायकोनं स्वेटर काठीनं उचलून बादलीत टाकला. स्वेटर तिनंच विणलेला होता, त्यामुळे त्या दिवशी प्राण्यापेक्षा माझा दोष जास्त निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. बोटभर लांब, काळपट, गाठीगाठींचं. आता याला म्हणायचं काय, इथूनच पंचाईत. मराठीनं या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही: गाई-म्हशीचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या आणि उंदराच्या लेंड्या, पाखरांची शीट. पण हे शब्द प्राणी ओळखीचा असला तरच कामाचे. ‘विष्ठा’ म्हटलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं, आणि जो खरा शब्द आहे तो आमच्याकडे चहाच्या वेळी काढायची सोय नाही. म्हणून घरात त्याला ‘ते’ म्हणायचं ठरलं. अडचण एवढीच, की आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्यालाही ‘ते’च म्हणतात. मावशीचा फोन आला तेव्हा बायको सहज बोलून गेली, "आज ‘ते’ भिंतीवर नव्हतं." मावशी बराच वेळ गप्प होती.

आईनं मात्र पहिल्याच दिवशी, चष्मा न लावता, निकाल दिला होता. "बियाच बिया आहेत त्यात. फळं खाणारं काहीतरी असंन. उद असंन." आई काटोलकडची, शेतातल्या घरात वाढलेली. तिचं कोणी ऐकलं नाही. कारण सांगतो: तिनं ‘बिबट’ म्हटलं नव्हतं.

बिबट म्हटलं काकाजींनी. आमचं घर दाभ्याकडे. पलीकडे गोरेवाड्याचं राखीव जंगल आहे, जवळपास 1900 हेक्टरांचं. 26 जानेवारी 2021 ला तिथं प्राणिसंग्रहालयाचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये एक बिबट खुद्द शहरात शिरला. गायत्रीनगरकडे दिसला म्हणे, मग आणखी कुठं कुठं. कित्येक दिवस अख्खं नागपूर कॉलनीच्या फाटकाला दोन-दोन कुलपं लावून झोपत होतं. काकाजींच्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ.

"बिबट आहे हा. शंभर टक्के," काकाजी भिंतीपलीकडून म्हणाले. "अजी, ही भिंत कुदाले त्याले किती वेळ लागते?"

"पण काकाजी, एवढंसंच आहे हो."

"पिल्लू असंन."

आता बघा, ज्या शहराला व्याघ्रराजधानी म्हणतात, ज्याच्या आजूबाजूला पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-करांडला आहे, तिथं राहून आपल्या आवारात नुसतं मांजर येतं असं चारचौघांत सांगायचं म्हणजे नाक कापून घेणं. पुण्याचा पाहुणा पहिला प्रश्न काय विचारतो? ‘वाघ दिसतो का हो तुमच्याकडे?’ जसा काही तो चौकात पानाच्या ठेल्यावर उभा असतो. तेव्हा काकाजींचं म्हणणं मी जोरानं खोडून काढलं नाही, हे कबूल करतो. बँकेत एकदोघांना सांगितलंसुद्धा. "नक्की नाही, पण शक्यता आहे," असं, आवाज खाली करून. त्या आठवड्यात माझ्या टेबलाशी जेवढे लोक चहा घेऊन आले तेवढे प्रमोशन झालं तेव्हाही आले नव्हते.

फोटो काढायचा ठरला. शेजारी मापासाठी काहीतरी ठेवावं एवढं मला ठाऊक होतं, म्हणून दहाचं नाणं ठेवलं. फोटो कॉलनीच्या ग्रुपवर जायचा तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, आणि दिवस होते संक्रांतीचे. अमरावतीच्या वहिनींनी लगेच लिहिलं, "वा! गूळ जरा जास्त तापला वाटते. तीळ कमी दिसताहेत." दुसऱ्या एकीनं प्रमाण विचारलं. मी खुलासा टाकेपर्यंत अकरा जणांनी अंगठे दिले होते. नाणं मी परत उचललं नाही. तसंही ते इथं कोणी घेत नाही.

कॉलनीच्या ग्रुपवर मग रीतसर चर्चा झाली. वटवाघूळ, मुंगूस, वानर, घूस, आणि एका अनुभवी गृहस्थांच्या मते समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंचा कुत्रा, जो भिंतीवर चढत नाही एवढीच त्या तर्काची अडचण. कोणीतरी वनखात्याच्या हेल्पलाइनचा 1926 नंबर टाकला. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ‘काय दिसलं?’ असं पलीकडून विचारलं तर काय सांगणार? ‘दिसलं नाही साहेब, उरलं आहे.’

शेवटी माझा एक शाळेतला मित्र आठवला. वनखात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. त्याला वाघ कमी आणि वाघाची विष्ठाच जास्त दिसली, असं तो स्वतः सांगतो. रविवारी सकाळी आला, चहा नको म्हणाला, थेट भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मी पुढे वाकून बघायला लागलो.

"अबे, नाक मागे घे. कृमींची अंडी असतात त्यात. हातमोजे आहेत का?"

हातमोजे नव्हते. किराणा आणलेल्या पिशव्या होत्या, त्या त्यानं हातात चढवल्या.

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. हा माणूस एरवी लग्नाच्या पंगतीतही चार शब्द बोलत नाही, पण त्या भिंतीपाशी त्याला सरस्वती प्रसन्न झाली. नुसत्या आकारावर जायचं नाही, म्हणाला, आत काय आहे ते बघायचं. वाघ-बिबट असेल तर केस सापडतात, हाडांचे तुकडे, कधी खुराचं टोक. तो केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की खाल्लं ते चितळ होतं की माकड, तेही कळतं. विष्ठेतल्या डीएनएवरून तर खाणारा कोण तेच सांगता येतं. तरसाची वाळली की खडूसारखी पांढरी, कारण तो हाडं पचवतो. सशाच्या गोल, कोरड्या लेंड्या. रोही, म्हणजे नीलगाय, पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन ढीग घालतो, आणि तो ढीग बघून जंगलात रस्ता चुकलेला माणूससुद्धा ‘इथं कोणीतरी राहतं’ म्हणून निवांत होतो. (हे शेवटचं त्याचं वैयक्तिक मत.) घुबडाचं जे झाडाखाली सापडतं, केस आणि उंदराच्या हाडांचा गोळा, ते मागून आलेलंच नसतं, तोंडातून टाकलेलं असतं. आणि घरच्या पालीची बघ, म्हणाला: काळ्या दाण्याच्या टोकाला पांढरी टोपी. ते तिचं मूत्र. पाणी वाचवायचं म्हणून घट्ट करून टाकते. गेली कित्येक वर्षं मी ट्यूबलाइटखालचे ते दाणे झाडतो आहे. टोपीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

"आता गाळणी आण," तो म्हणाला.

मी आणली. स्वयंपाकघरात एकच होती.

नळाच्या धारेखाली त्यानं ‘ते’ गाळणीत धरलं. काळपट रंग धुपून गेला आणि जाळीत एक एक वस्तू उघडी पडायला लागली. आधी तीन बिया. लांबट, चपट्या, काळ्या कुळकुळीत, पॉलिश केल्यासारख्या, एका कडेला पांढरी रेघ. मग भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा. मग सालीचा चुरगळलेला पदर. बिया इतक्या धड होत्या की धुतल्यावर बोरन्हाणात टाकल्या असत्या तर पोरांनी उचलल्या असत्या.

"ओळख," तो म्हणाला.

ओळखायला कशाला हवं? त्या आमच्याच चिकूच्या बिया होत्या.

इथं मला थोडं मागं जावं लागेल. दिवाळीपासून आमचे चिकू चोरीला जात होते. आणि मी, पुराव्याशिवाय, मागच्या गल्लीतल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, त्यांचा एक बॉलही जप्त केला होता. तो बॉल या क्षणी माझ्या कपाटात होता.

"उदमांजर," मित्र म्हणाला. "कोणी कांडेचोर म्हणते. मांजर नाही ते, नाव तसं पडलं. रात्री हिंडते, झाडावर राहते, फळं खाते, मधेच एखादा किडा, उंदीर. आणि हे उंचावर, उघड्यावर करून ठेवते, भिंतीवर, दगडावर, सगळ्यांले दिसंन असं. मांजर कशी, माती लोटून झाकते. घाबरायचं काही नाही. तुहे चिकू तेवढे जातील."

मागून आईचा आवाज आला, "मी सांगितलं होतं."

पुढे बायकोचा आवाज आला. "ती गाळणी कुठली आहे?"

नवी गाळणी आली. जुनीवर तिनं लाल नेलपॉलिशनं फुली मारली आणि ती बागेच्या खुरप्याशेजारी टांगली. तरी पुढे महिनाभर चहा ओतताना ती गाळणीची खालची बाजू एकदा उजेडात धरून बघायची.

मुलगा बंगळुरूला असतो. त्याला सांगितलं तर तो एकदम उठून बसला. याच जनावरानं खाऊन टाकलेल्या कॉफीच्या बियांची कॉफी इंडोनेशियात करतात, जगातल्या महागड्या कॉफींत तिची गणना होते, असं म्हणाला. मी क्षणभर हिशोबाला लागलो. पण आमच्याकडे कॉफीचं झाड नाही, चिकूचं आहे, आणि चिकूच्या बियांचं अजून कोणी काही करत नाही. शिवाय गाळणीचा प्रश्न घरात इतका ताजा होता की तो विषय मी काढलाच नाही.

मग एक रात्र मी टॉर्च घेऊन मागच्या दारात बसलो. दीडच्या सुमाराला चिकूची फांदी हलली. तोंडावर काळा मुखवटा, अंगाएवढी लांब शेपूट. डोंबाऱ्याच्या पोरीसारखं ते केबलच्या वायरवरून चालत आलं, एक चिकू हुंगला, सोडला, दुसरा हुंगला, सोडला, तिसरा तोडला. झाड मी लावलं त्याला वीस वर्षं झाली. चिकू पिकला की नाही ते मला अजून बाजारातल्या बाईला विचारावं लागतं. याला अंधारात कळत होतं. खाऊन झाल्यावर ते भिंतीवर, नाण्याच्या शेजारी, माझ्या कोपराच्या जागी आलं. मी टॉर्च बंद केला. काही गोष्टी कोणी बघत असताना होत नाहीत.

पोरांचा बॉल मी परत केला, सोबत सहा चिकू. "काका, हे पिकले नाहीत," असं सांगत त्यांनी ते परत आणून दिले.

एवढ्यावर भागलं असतं. पण एप्रिल आला. पारा बेचाळीसवर गेला आणि आम्ही कूलरवाल्याला बोलावलं. आईच्या खोलीच्या खिडकीला मागच्या बाजूनं लोखंडी स्टँडवर मोठा कूलर आहे, तो वर्षभर तिथंच असतो. ताट्या बदलायला म्हणून त्यानं मागची जाळी काढली आणि दोन पावलं मागं सरला.

"साहेब, आत चिकूची नर्सरी लावली का?"

आत खरंच बियांचा सडा होता. आणि जुन्या ताटीच्या गवतात, कोपऱ्यात, तीन पिल्लं एकमेकांवर पडली होती, आणि त्यांच्या मागून काळा मुखवटा आमच्याकडे बघून गुरगुरला. कूलरवाल्यानं जाळी जिथून काढली होती तिथं, मी आजवर पाहिलेल्या सर्वांत वेगवान हातानं, परत लावली.

आता करायचं काय? मी 1926 म्हणालो, बायको एसी म्हणाली. आई पलंगावरून म्हणाली, "बाळंतीण आहे ते. सव्वा महिना कोणी हात लावायचा नाही."

"अगं आई, पण तुझीच खोली आहे. उकाड्यानं..."

"तुह्या वेळेस मी मे महिन्यात बाळंत झाली होती. तेव्हा कुठं होता कूलर?"

यावर उत्तर नसतं. मित्राला फोन केला, तर तोही आईच्याच बाजूनं निघाला. पिल्लं मोठी झाली की आपसूक जातील, तोवर जाळीला हात लावू नको, म्हणाला. मी कॅलेंडरवर सव्वा महिना मोजला. तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत संपतो.

काल संध्याकाळी बनियन पिळत अंगणात उभा होतो. पलीकडे काकाजींचे जावई आले होते, मुंबईचे. काकाजी त्यांना आमची भिंत दाखवत होते. दहाचं नाणं अजून तिथंच आहे, त्याच्याकडे बोट होतं.

"इथंच. बरोब्बर इथं बसून गेला बिबट. हे आमचे शेजारी, यांनीच पहिल्यांदा पाहिलं. काहो, किती मोठं होतं?"

घरात कूलरमधून बारीक चीं-चीं ऐकू येत होती. जावई माझ्याकडे आशेनं बघत होते.

"मोठं होतं जी," मी म्हणालो. "चांगलंच मोठं."