शेअर पडला म्हणून चळवळ पडली?

सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हीगन (मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्यांच्या) चळवळीचा फुगा फुटला. कंपन्या गाळात गेल्या, व्हीगन वाढले नाहीत, कायदे झाले ते कागदावरच, आणि मांसाचा खप वाढतोच आहे. यातली निम्मी विधानं खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

"कंपन्या बुडाल्या." वनस्पतींपासून मांसासारखे पदार्थ बनवणाऱ्या बियाँड मीट या अमेरिकी कंपनीचा शेअर 2019 मध्ये 25 डॉलरला बाजारात आला, त्याच वर्षी 230 च्या वर गेला आणि 2025 मध्ये एक डॉलरच्याही खाली घसरला. यात हात पोळले ते गुंतवणूकदारांचे. कोंबड्या-डुकरांना पिंजऱ्यात कोंडण्याविरुद्धची लढाई ही कंपनी जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

"व्हीगन वाढलेच नाहीत." गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत 2018 मध्ये 3 टक्के अमेरिकनांनी स्वतःला व्हीगन म्हटलं, 2023 मध्ये 1 टक्का. वाढ दिसत नाही, मान्य. पण त्याच अमेरिकेत अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांपैकी सुमारे 40 टक्के आता पिंजऱ्याबाहेर आहेत. पंधरा वर्षांपूर्वी हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं. ती अंडी खाणारे अर्थातच व्हीगन नाहीत! चळवळीचा मोठा भाग ताटावर नाही, तर उत्पादनाच्या पद्धतीवर काम करतो. जर्मनीचंच घ्या. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून ती जन्मल्या दिवशीच मारली जायची, दरवर्षी कोट्यवधी. 2022 पासून तिथे यावर बंदी आहे. आता अंड्यातच लिंग ओळखतात, नाहीतर नरही वाढवतात. व्हीगन मोजत बसलेल्याला हा बदल दिसणारच नाही.

"कायदे कागदावरच." मग अमेरिकेतले वराहपालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत कशाला गेले? कॅलिफोर्नियात 2018 मध्ये मतदारांनी मंजूर केलेला 'प्रपोझिशन 12' सांगतो की गाभण डुकरिणीला अंग वळवता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडलं असेल, तर तिचं किंवा तिच्या पिल्लांचं मांस या राज्यात विकता येणार नाही, मग ते कुठूनही येवो. मे 2023 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा राखला. दक्षिण कोरियाच्या संसदेने जानेवारी 2024 मध्ये कुत्र्याच्या मांसाचा धंदा 2027 पासून बंद करण्याचा कायदा केला. विरोधात एकही मत पडलं नाही.

"खप वाढतोच आहे." हा एकच मुद्दा वजनदार आहे. जगात वर्षाला 80 अब्जांहून जास्त जमिनीवरचे प्राणी मारले जातात, त्यात बहुसंख्य कोंबड्या. लोकसंख्या आणि उत्पन्न वाढलं की मागणी वाढते, आणि चळवळीला ती रोखता आलेली नाही. पण ही वाढ अटळ नाही: जर्मनीत दरडोई खप 2018 मध्ये 60 किलोंच्या वर होता, 2023 मध्ये तो 52 किलोंच्या आसपास आला.

चळवळीचं अपयशच दाखवायचं होतं, तर युरोपचं उदाहरण होतं. पिंजरे हटवा या मागणीवर सुमारे 14 लाख नागरिकांनी सह्या केल्यावर युरोपीय आयोगाने (युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने) 2021 मध्ये शब्द दिला की पिंजरे हटवण्याचा प्रस्ताव 2023 संपायच्या आत मांडू. 2023 संपलं, प्रस्ताव आला नाही. फिरत्या मजकुरात याबद्दल एक ओळही नाही. शेअरचा आलेख मात्र आहे.