जिरोनाला निवांतच जावं
काका-काकू, रिटायर झाल्यावर स्पेनमधल्या जिरोना शहरात चांगले पाच दिवस राहिलात हे तुमच्या पोस्टमधे वाचून फार बरं वाटलं, नाहीतर लोक बार्सिलोनाहून फास्ट ट्रेनने चाळीसेक मिनिटांत येतात नि संध्याकाळी परत. आम्हीपण गेलेलो, ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून कॅथेड्रलच्या पायऱ्या थांबत थांबत चढलो, पण आत ते जवळपास 23 मीटर रुंद मुख्य दालन, मधे एकही खांब नाही, मान वर करून बघतच राहिलो! ज्यू वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत मात्र मन जड होतं, 1492 मधे धर्म बदला नाहीतर देश सोडा म्हणून हाकललं त्यांना. आणि ओन्यार नदीवरचा तो लाल लोखंडी पूल, आयफेलच्या कंपनीचा, पॅरिसच्या टॉवरच्याही आधीचा, तिथे उभं राहून क्रीम भरलेला गरम शूशो (तिथली तळलेली पेस्ट्री) खाल्लात की नाही? बोटांना साखर चिकटते अगदी