थंडीत बाहेर पळालं की म्हणे फुफ्फुसं गोठतात!

डिसेंबर लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. वर "परदेशातल्या मुलांनो सावधान", खाली लाल उद्गारचिन्हांची रांग, आणि मजकूर असा की शून्याच्या खाली बाहेर व्यायाम केला तर फुफ्फुसं गोठतात, सर्दी छातीत उतरते, हार्ट अटॅक येतो, आपली शरीरं गरम देशातली, तेव्हा मार्चपर्यंत घरात बसा, आणि निघालातच तर भरपूर कपडे घालून दोन घोट ब्रँडी घेऊन निघा. मी टोरंटोत राहते, हिवाळाभर बाहेर पळते, आणि यंदा हा मेसेज आई, मावशी आणि कॉलेजचा ग्रुप असा तिन्हीकडून आला, म्हटलं आता एकदाचं लिहूनच टाकू.

आधी फुफ्फुसं. बाहेरची हवा नाक, घसा, श्वासनळी असं करत आत जाताना वाटेतच गरम आणि दमट होते, खोल आत पोचेपर्यंत ती जवळपास शरीराच्याच तापमानाला आलेली असते, त्यामुळे गोठण्याचा प्रश्नच येत नाही. मग सुरुवातीला घशात जी आग होते आणि खोकला येतो तो कशाने? तर थंड हवा कोरडीठाक असते, आणि धापा टाकत ती तोंडाने ओढली की श्वासनलिकांमधला ओलावा उडतो, त्या चिडतात आणि आकसतात. दमेकऱ्यांना हा त्रास खरंच होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून पंप जवळ ठेवावा. क्रॉसकंट्री स्कीइंग करणाऱ्यांमध्येही दम्यासारखी लक्षणं बरीच दिसतात, आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती तापमान उणे 20 च्या खाली गेलं की घेत नाहीत. पण उणे 20 कुठे आणि मेसेजमधलं शून्य कुठे! टोरंटोत जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण उणे सहा-सात असतं. बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, नाकावर ओढायचा, पहिला किलोमीटर हळू जायचं, झालं. घरी येईपर्यंत श्वासाच्या वाफेने तो बफ पापडासारखा कडक होतो, पापण्यांवर पांढरे कण जमतात, आणि फोटो काढावा म्हणून फोन बाहेर काढला तर थंडीने बॅटरी झोपलेली असते.

सर्दी व्हायरसने होते, आणि तो मिळायची जागा म्हणजे खिडक्या बंद करून दहाजण बसलेली खोली. पळताना नाक गळतं ते थंड कोरड्या हवेमुळे, त्याला आजार म्हणू नका.

"गरम देशातली शरीरं" हे तर मला कळतच नाही. लडाख कुठल्या देशात आहे? 2023 च्या फेब्रुवारीत गोठलेल्या पँगाँग तळ्यावर 21 किलोमीटरची हाफ मॅरेथॉन झाली, तीही जवळपास चौदा हजार फुटांवर. आणि लांब पळणाऱ्याचं मोठं दुखणं उलट उकाडा असतो, मुंबई मॅरेथॉन काय उगाच जानेवारीत ठेवतात का, आणि तरीही दमट हवेने लोकांची वाट लागतेच. इथे उणे पाचला पाय गरम झाले की जे सुटतात ना, ते सुख जुहूच्या मे महिन्यात स्वप्नात पण नाही.

आता कपडे, इथे तर मेसेज थेट उलटं सांगतोय. जाड जॅकेट, आत स्वेटर, त्याच्या आत सुती बनियन असं घालून पळालात की दहा-पंधरा मिनिटांत घामाने चिंब, सुती कापड तो घाम धरून ठेवतं, मग सिग्नलला थांबलात की तोच घाम तुम्हाला गारठवतो. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, कानटोपी, मिटन्स म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे, बास. दारातून बाहेर पडताना थोडं कुडकुडलं पाहिजे, नाहीतर जास्त घातलंय असं समजा.

हार्ट अटॅकचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, आणि एरवी अजिबात न हलणारा माणूस अचानक ओला जड बर्फ फावड्याने उपसायला लागला की इथे दर हिवाळ्यात अटॅक येतातच. ज्यांना बीपी आहे, अँजिओप्लास्टी झालीय, चालताना छातीत भरून येतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर पळायला जाऊ नये. बाकीच्यांनी घरातच वॉर्मअप करून निघावं. ब्रँडीने कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, ऊब वाटते खरी पण अंगातली उष्णता बाहेर जाते, तेव्हा काका, ते निमित्त दुसरीकडे वापरा.

गंमत म्हणजे ज्याला खरं घाबरायचं ते मेसेजमध्ये नाहीच. एक म्हणजे वारा. तापमान उणे 10 आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं, आणि हे वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान, म्हणजे विंड चिल, उणे 28 च्या खाली गेलं की हिमदंश 10 ते 30 मिनिटांत होऊ शकतो. इथल्या लेक ऑन्टारिओ तळ्याच्या कडेच्या मार्टिन गुडमन ट्रेलवर वारा अडवायला काही नसतं, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा, उलट केलंत तर घामेजलेल्या अंगाने वारा खात परत यावं लागतं. दुसरं म्हणजे निसरडं. भुसभुशीत ताज्या बर्फाची काही भीती नाही, कडाक्याच्या थंडीत तो बुटाखाली मस्त करकरतो. भीती दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या पातळ थराची, कारण तो काळोखात दिसत नाही, आणि डिसेंबरात इथे पावणेपाचलाच सूर्य मावळलेला असतो. बुटांना खिळ्यांचे स्पाइक्स लावायचे, पावलं छोटी टाकायची, कपड्यांवर रिफ्लेक्टर हवाच. आणि फ्रीझिंग रेन असेल, म्हणजे पाऊस पडता पडता रस्त्यावर गोठत असेल, त्या दिवशी मीसुद्धा बाहेर जात नाही, बिल्डिंगचे जिने चढते.